जठराचा लगाम : सोमॅटोस्टॅटिन आणि त्याचे ग्राही

देवगाव रंगारीसारख्या गावी व्यवसाय करणाऱ्या वैद्यास एक अनुभव वारंवार येतो. वर्ष-दीड वर्ष रोज पँटोप्रॅझोलची गोळी घेणारा रुग्ण आता आयुर्वेदच करायचा, असे ठरवून येतो. गोळी बंद होते, अम्लपित्ताची चिकित्सा सुरू होते आणि आठ-दहा दिवसांत तो पूर्वीपेक्षा अधिक जळजळ घेऊन परत येतो. औषध लागू पडले नाही, असे रुग्ण समजतो. पुष्कळदा वैद्यही तसेच समजतो. हा निष्कर्ष घाईचा होय. कारण समजण्यासाठी सोमॅटोस्टॅटिन या अवरोधक संप्रेरकाचा परिचय हवा.

१९७३ साली अमेरिकेत रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळेत मेंढ्यांच्या मेंदूतून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. शरीरवाढीच्या संप्रेरकास ते रोखते, म्हणून हे नाव. पुढे जठर, आतडे व स्वादुपिंड यांतील डी-पेशीही ते निर्माण करतात, असे आढळले. रक्तात ते दोन-तीन मिनिटेच टिकते. म्हणून जठरात त्याचे कार्य मुख्यतः शेजारच्या पेशींवरच घडते.

अन्न जठरात आले की गॅस्ट्रिन स्रवते, त्याने हिस्टामिन सुटते आणि हिस्टामिनमुळे लवणाम्ल स्रवते. आम्लता वाढून पीएच ३ च्या खाली गेला की डी-पेशींतून सोमॅटोस्टॅटिन बाहेर पडते व गॅस्ट्रिन, हिस्टामिन आणि आम्ल स्रविणाऱ्या तिन्ही पेशींवरील ग्राहींशी जुळते. या ग्राहींचे पाच प्रकार ज्ञात आहेत. जठरात दुसऱ्या प्रकाराचे महत्त्व अधिक. ग्राही कार्यान्वित होताच पेशीतील सायक्लिक एएमपी घटते आणि स्राव मंदावतो. म्हणजे या लगामाला हात घालणारे आम्लच असते.

येथेच मर्म आहे. गोळीने आम्ल दीर्घकाळ दबले की डी-पेशींना चेतना मिळत नाही, लगाम सैल राहतो आणि गॅस्ट्रिन वाढत जाते. त्यामुळे हिस्टामिन-पेशीही पुष्ट होतात. गोळी एकदम थांबली की या साठलेल्या चेतनेमुळे आम्ल उसळते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या डॅनिश अभ्यासात निरोगी व्यक्तींना आठ आठवडे इसोमेप्रॅझोल दिले. ते बंद केल्यावर ४४ टक्के व्यक्तींना आम्लतेची लक्षणे झाली. औषध न घेतलेल्या गटात हे प्रमाण १५ टक्के होते. मूळचा आजार नसलेल्यांची ही स्थिती!

सोमॅटोस्टॅटिन म्हणजे क्लेदक कफ किंवा समान वायू, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. एका रेणूवर दोषाची संपूर्ण व्याप्ती लादता येत नाही. मात्र एवढे खरे की उसळीच्या काळात आपल्या योगाची परीक्षा करू नये. त्यासाठी काही आठवडे जाऊ द्यावेत.

ज्यांनी ही गोळी रक्तस्रावी व्रणासाठी किंवा ॲस्पिरिनसोबत सुरू केली असेल, त्यांची गोळी मूळ चिकित्सकास विचारल्याखेरीज थांबवू नये. काळे शौच, गिळताना अडथळा वा वजनात घट असल्यास प्रथम दुर्बिणीची तपासणी करवावी. इतरांत मात्रा क्रमाने उतरवावी : ४० मिलिग्रॅमवरून २०, मग एक दिवसाआड. औषधविक्रेत्या बंधूंनी येथे २० मिलिग्रॅमचीच गोळी द्यावी. पँटोप्रॅझोलच्या गोळीवर आम्लरोधक आवरण असते. ४० ची गोळी मोडून दिल्यास ते फुटते आणि औषध जठरातच नष्ट होते.