'रणांगण' कुठल्या फळीवर?

ग्रंथालयशास्त्राच्या पदवीच्या, म्हणजे बी.लिब.च्या, वर्षातली गोष्ट. वर्गीकरणाच्या प्रॅक्टिकलला समोर शीर्षकांच्या चिठ्ठ्या आणि ड्यूईचे तीन जाडजूड खंड. 'रणांगण'ची चिठ्ठी आली, मी ३५५ लिहिलं आणि पुढे सरकलो. ३५५ म्हणजे युद्धशास्त्र. बेडेकरांची ही कादंबरी मी तोवर दोनदा वाचलेली; पण चिठ्ठीवर नुसतं नाव होतं आणि हात डोक्याच्या पुढे पळत होता. वही परत देताना सर म्हणाले, "कादंबरी तोफखान्यात भरती केलीत!" वर्ग हसला. हवा होता ८९१.४६३. त्यातला ८९१.४६ मराठी साहित्याचा आणि शेवटचा ३ कथा-कादंबरीचा. (कोकणीला ड्यूईने ८९१.४६९ दिलाय, म्हणजे मराठीच्याच पोटात. गोव्यातल्या ग्रंथपालांसमोर हा विषय जपून काढावा.)

'पुस्तकांवर शिक्के मारायला पदवी कशाला?' हा प्रश्न या वाटेला गेलेल्या प्रत्येकाने घरच्या लग्नकार्यात ऐकलेला असतो. गंमत म्हणजे हा प्रश्न बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना शंभरावर वर्षांपूर्वी पडला नव्हता. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना संस्थानची ग्रंथालयं उभी करायला आणलं आणि पुढच्याच वर्षी बडोद्यात ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. ग्रंथपाल घडवावा लागतो हे आपल्याकडे पहिल्यांदा बडोद्याने ओळखलं. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. पुढे संस्थानच्या ग्रंथालयांची धुरा जनार्दन सखाराम कुडाळकरांकडे आली. १९१९ मध्ये या चळवळीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तकही लिहिलं. बडोद्याच्या वर्गानंतर चारच वर्षांनी, १९१५ मध्ये, डिकिन्सन या दुसऱ्या अमेरिकन गृहस्थांनी लाहोरला पंजाब विद्यापीठात असाच वर्ग काढला.

पण विषयाला शास्त्राची बैठक दिली ती गणिताच्या एका प्राध्यापकाने. शियाळी रामामृत रंगनाथन १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. तिथल्या एका दुकानात त्यांनी मेकॅनो पाहिला. त्याच त्या पट्ट्या आणि तेच ते स्क्रू, पण जोडणी बदलली की नवं खेळणं. पुस्तकाच्या विषयाचेही असेच सुटे भाग करून ते हवे तसे जोडता येतील, या कल्पनेतून १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण छापून आलं. त्याआधी १९२९ मध्ये मद्रासच्या ग्रंथालय संघाने वर्ग सुरू केला होता आणि १९३१ मध्ये तो विद्यापीठाने घेतला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठाची पदविका चाळीसच्या दशकातली, एसएनडीटीचा विभाग १९६१ चा.

द्विबिंदूचा ठरलेला नमुना विद्यार्थ्याला स्वप्नातही आठवतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. दिसायला मोटारीची नंबरप्लेट. एल वैद्यक, ४५ फुप्फुसं, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत, एन५ म्हणजे १९५०. फुप्फुसाच्या क्षयावर क्ष-किरणांनी उपचार, त्यावरचं भारतातलं १९५० मधलं संशोधन. हे सगळं वाक्य पुस्तकाच्या पाठीवर. प्रत्यक्षात बहुतेक ग्रंथालयं ड्यूई वापरतात, कारण एवढी चिठ्ठी पाठीवर मावत नाही आणि शिपायाला फळी सापडत नाही. तरी मला वाटतं, डोकं तयार होतं ते द्विबिंदूनेच. विषयाची हाडं वेगळी करायला हात तिथे बसतो.

हल्ली हा हात बसवायला वेळच ठेवलेला नाही. कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर वर्षभराचं बी.लिब., आणखी वर्षभराचं एम.लिब., मग नेट किंवा सेट. नोकरी सांभाळून करणाऱ्यांना नाशिकचं मुक्त विद्यापीठ. विषयाच्या नावाला 'माहितीशास्त्र' जोडलं गेलं. कोहा, सोल अशा संगणक प्रणाल्या आल्या, त्या यायलाच हव्या होत्या. पण एका वर्षात व्यवस्थापन, संगणक, संशोधनपद्धती सगळं कोंबताना कात्री लागते ती वर्गीकरण-तालिकीकरणाच्या तासांना. आणि मराठी पुस्तकांची खरी खोच तिथेच आहे.

टोपणनावांचंच घ्या. साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचं कार्ड, खाली गजासाठी भोक. वर लेखक कोण लिहायचा? कवितांवर कुसुमाग्रज आणि 'नटसम्राट'वर वि. वा. शिरवाडकर, मग एका माणसाची दोन घरं आणि मधे 'हेही पाहा'चं कार्ड. गडकऱ्यांनी तर तीन संसार थाटले: नाटकाला स्वतःचं नाव, कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम. ज्ञानेश्वर, तुकाराम यांना आडनावाच्या रांगेत बसवायचं नाही. आणि अनुस्वार आधी की नंतर, 'ज्ञ' ज-मध्ये की शेवटी, यावरून दोन ग्रंथपालांत अबोला झालेला मी पाहिला आहे. ही कामं कुणी तरी एकदा नीट करून ठेवली की पुढच्या शंभर वाचकांचा वेळ वाचतो. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ मधल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती उघडल्यावाचून आजही जुन्या पुस्तकावर लिहायला बसू नये.

नोकरीचं चित्र सरळ दुभंगलेलं. महाविद्यालयातला ग्रंथपाल प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीत, अर्थात जागा निघाली तर. दुसऱ्या बाजूला १९६७ च्या कायद्याखालची सार्वजनिक ग्रंथालयं, अ-ब-क-ड वर्गांत विभागलेली, हजारोंच्या संख्येने. तिथला ग्रंथपाल बहुधा काही महिन्यांचं प्रमाणपत्र घेतलेला, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेला. कुलूप तोच उघडतो, झाडू तोच मारतो, देवघेव तोच करतो. विद्यापीठातला विभाग त्याला सहसा ओळखत नाही, आणि त्यालाही विभागाची गरज भासत नाही. गावातल्या कुठल्या आजींना कुठली कादंबरी द्यायची, हे मात्र त्याला पाठ असतं.

मध्यंतरी प्रॅक्टिकल घ्यायला गेलो होतो. कोहावर नोंद करताना लेखकाच्या नावाआधी एक आकडा टाकावा लागतो: नाव जसंच्या तसं असेल तर ०, आडनावाने सुरू होत असेल तर १. एका मुलीने ज्ञानेश्वरांना ० दिला, कुसुमाग्रजांनाही ०. बरोबर. पुढचं पुस्तक 'जोगवा'. तिने क्षणभर विचार केला, 'प्रभू, आरती' लिहिलं, आधी १ टाकला. नियमाने तेही बरोबर. मी पूर्ण गुण मांडले. तेवढ्यात तिने मान वर केली.

"सर, ह्या बाई अजून लिहितात का?"

मी शेजारच्या फळीवरून खानोलकरांचं 'कोंडुरा' काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "आता ह्याची नोंद कर," म्हटलं, "आणि दोन्हींना 'हेही पाहा'ने जोड."