दिसलाच नाही तुम्ही

माधवनगर ओलांडलं की तासगाव रस्त्याच्या डाव्या हाताला मेस्त्रींचं पत्र्याचं शेड लागतं. साडेपाच वाजलेत. जानेवारीतलं ऊन रस्त्यावर आडवं पडलंय. माझी स्कूटर डबल स्टँडवर उभी आहे, सीट काढून भिंतीला टेकवलेली, मागचं फायबर उतरवलेलं. मेस्त्री उकिडवे बसून एका हातात मीटर धरून दुसऱ्या हाताने वायरींचा झुबका बाजूला सारतायत.

"ब्रेक दाबा, ताई."

मी ब्रेक दाबते. वाकून बघते, मागे लाल दिवा लागलेला आहे.

"लागतोय की."

"लागतोय. पर कसा लागतोय ते बगा." मीटरच्या सुया त्यांनी होल्डरला टेकवल्यात. आकडा 10.3. मग त्याच सुया ते बॅटरीवर ठेवतात. 12.4. "दोन व्होल्ट वाटंतच गेलं."

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे हा आकडा मला टोचतो. सहावा हिस्सा व्होल्टेज गेलं म्हणजे प्रकाशही सहावा हिस्साच गेला, असं तारेच्या बल्बचं नसतं. तार जरा कमी तापली की उजेड झपाट्याने पडतो. एवढ्या घसरणीत तो जवळजवळ निम्म्यावर येतो. रोज संध्याकाळी मी पाठीशी निम्मा दिवा घेऊन घरी जात होते, आणि समोर पाहत असल्यामुळे मला ते कधी कळलंच नाही.

गेल्या गुरुवारी कवलापूरच्या अलीकडे जीप मागून घासून गेली. मी रस्त्याकडेच्या मातीत पडले, कोपर सोललं. जीपवाला धावत आला, गाडी उचलून दिली, पाण्याची बाटली दिली आणि पुन्हा पुन्हा एकच बोलत राहिला, "दिसलाच नाही तुम्ही, ताई. आईशप्पत दिसला नाही." त्याचे हात थरथरत होते. माणूस खोटं बोलत नव्हता. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली आणि त्यातली 44 टक्क्यांहून जास्त दुचाकीवरची होती. हा आकडा मी मुलांना सांगत आले आहे. त्यातल्या किती जणांबद्दल समोरचा माणूस असाच म्हणाला असेल, हा प्रश्न त्या मातीत बसल्यावर पहिल्यांदा मनात आला.

मेस्त्रींनी अर्थच्या वायरीचा बोल्ट सोडवलाय. वायरीच्या टोकाचं थिंबल ते माझ्या तळहातावर ठेवतात. पाच पैशाच्या नाण्याएवढंही नाही. त्यावर हिरवट पांढरी बुरशी चढल्यासारखी आहे, आणि चेसिसवर ते जिथे टेकतं तिथे गंजाची तांबूस कडी उमटलीय. हाताखालचं पोरगं पॉलिश पेपरचा तुकडा दुमडून घासायला लागतं. आधी तपकिरी भुकटी पडते, मग करडी, आणि शेवटी बोटाच्या पेराएवढा धातू चकाकतो. थिंबलही घासून होतं. बोल्ट कसायच्या आधी मेस्त्री बोटावर व्हॅसलीन घेऊन जोडावर फिरवतात.

"दाबा."

मी दाबते आणि शेडच्या मागच्या भिंतीवर लाल डाग उमटतो. मघाशी भिंतीवर काहीच नव्हतं. मीटर 12.1 दाखवतं. अजून एक पैसा खर्च झालेला नाही.

मग खर्चाची कामं. मागचा एकच बल्ब, त्यात दोन तारा: साधा दिवा बारीक, ब्रेकचा मोठा. त्या जागी ते लाल एलईडी बसवतात. लाल काचेमागे लालच एलईडी हवा, पांढरा लावला तर काचेतून फिका, गुलाबीसर उजेड येतो, असं त्यांचं म्हणणं. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. तारेचा बल्ब पूर्ण तापायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी जवळपास तत्क्षणी लागतो. ताशी 60 किलोमीटरने येणारी जीप तेवढ्यात तीन मीटरहून जास्त अंतर कापते. गुरुवारी माझ्या आणि बंपरच्या मध्ये तीन मीटर नव्हतेच.

माझ्या या 2014 च्या गाडीत हेडलाइट आणि मागचा साधा दिवा इंजिनाच्या करंटवर चालतो. गाडी मंद फिरली की दोन्ही मिणमिणतात, बंद पडली की मागे काळोख. एलईडी त्या करंटवर फडफडेल, म्हणून मेस्त्री मागच्या दिव्याची वायर काढून चावीनंतरच्या बॅटरीच्या लाइनीवर घेतात, मध्ये फ्यूज टाकतात. इंडिकेटरलाही एलईडी बसवल्यावर जुना फ्लॅशर लोड ओळखत नाही, इंडिकेटर भराभर उडायला लागतात. नवा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर येतो. पोरगं मोबाइलवर वेळ लावतं आणि मी मोजते. मिनिटाला चौऱ्याऐंशी. नियमात साठ ते एकशेवीस बसतं.

एवढ्यात मोटारसायकलवरून एक मुलगा येतो. त्याला पुढे पांढऱ्या एलईडीची पट्टी हवीय आणि मागे लाल-निळा उडणारा दिवा.

"उडणारा न्हाई लावत मी," मेस्त्री मान वर न करता सांगतात. "मागच्यानं ब्रेक वळखायचा कसा? आन् निळा तर पोलिसांचा."

मुलगा हिरमुसतो, पण जात नाही. उभा राहून बघतो. मी त्याला सांगते की इंडिकेटरसारखे अपवाद वगळता गाडीच्या मागे लाल सोडून दुसरा दिवा आणि पुढे लाल दिवा दाखवायला कायद्याने बंदी आहे. रंगावरूनच तर अंधारात कळतं, समोरची गाडी येतेय की चाललीय.

माझ्याही हेडलाइटला मेस्त्री एलईडी घालत नाहीत. आतला डोम तारेच्या बल्बसाठी घडवलेला. उजेडाचा उगम चार-दोन मिलिमीटर सरकला तरी झोत फाटतो आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. "तुमी दिसाय पायजे, त्यो आंधळा व्हाय नको." त्यापेक्षा ते पिवळी पडलेली काच पाण्यात बुडवलेल्या पॉलिश पेपरने घासतात, मग कपड्याने पॉलिश मारतात. दहा वर्षांचं ऊन उतरायला वीस मिनिटं लागतात.

आता अंधारून आलंय. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करून मला वर बसवतात. हेडलाइटच्या उंचीवर भिंतीला खडूची रेघ आहे. मी एकटी बसते तेव्हा झोत रेघेच्या खाली. पोरगं मागे बसतं तशी गाडीची पाठ दबते आणि झोत रेघेवर चढतो. मेस्त्री स्क्रू अर्धा फेरा फिरवतात, उजेड पुन्हा खाली सरकतो. भाजीच्या पिशव्या, वह्यांचे गठ्ठे आणि मागे मुलगी, असं घेऊन मी किती वेळा समोरच्याचे डोळे दिपवले असतील.

शेवटी चिकटपट्टी. लाल मागे, पांढरी पुढे, पिवळी दोन्ही बाजूंना. तिच्यात काचेच्या कोपऱ्यासारखे बारीक कोन दाबलेले असतात; उजेड जिथून येतो तिथेच परत जातो. शाळेत तीन आरसे काटकोनात जोडून मुलांना हे दाखवते, तेव्हा 1969 साली चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकाचंही सांगते. तत्त्व तेच. बॅटरी लागत नाही, वायर लागत नाही.

"पोराला जरा फिरवून आणाय लावतो. तुमी हितंच थांबा."

पोरगं माझी स्कूटर घेऊन जातं. मी रस्त्याच्या कडेला थांबते. इतकी वर्षं गाडी चालवतेय, पण आपली गाडी रस्त्यावरून जाताना आज पहिल्यांदा बाहेरून बघतेय. लाल ठिपका लांब जातो, ब्रेकला भडकतो, डावीकडे पिवळं उघडझाप होतं. मागून एक ट्रक जातो तेव्हा पट्ट्या अशा पेटतात की गाडीची रुंदी कळते. तो ट्रक लांबूनच उजवीकडे सरकतो.

शेडच्या पुढे चहाच्या गाड्यापाशी उसाच्या दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर थांबलाय. मागच्या ट्रॉलीवरून वाडं लोंबतंय. दिवा फुटलेला, पट्टी नाही. दहा पावलांवर असूनही तो मला ढिगासारखा काळा दिसतो.

"मेस्त्री, लाल पट्टी किती राहिलीय?"

ते रोल उलगडून बघतात, हातभर कापतात. पोरगं पेट्रोलच्या फडक्याने ट्रॉलीच्या लोखंडी आडव्या पट्टीवरची माती पुसतं, मी वाडं वर धरते. मोटारसायकलवाला मुलगा आपली गाडी वळवून हेडलाइट इकडे मारतो. पट्टी पेटते.

ट्रॅक्टरवाला चहाचा कप हातात घेऊनच मागे येतो, वाकून बघतो.

"त्या बाजूलाबी लावा की, ताई," म्हणतो, आणि वाडं धरायला कप खाली ठेवतो.