मालमोटारीच्या तळभागाचे गंजरक्षण

मालमोटारीचा सांगाडा (चासिस), पाटे व त्यांचे आधार, ब्रेकच्या नळ्या, इंधनटाकीचे पट्टे इ. तळाकडील पोलादी भाग गंजू नयेत अथवा सुरू झालेला गंज पसरू नये, म्हणून योजावयाच्या उपायांस तळभागाचे गंजरक्षण म्हणतात. नव्या गाडीत हे काम मुख्यतः कारखान्यात होते. जुन्या गाडीत मूळ लेप ठिकठिकाणी निघालेला, सांध्यांत चिखल साठलेला व गंज आधीच धरलेला असतो. त्यामुळे नव्या गाडीस योग्य असलेला उपाय जुन्या गाडीस योग्य ठरतोच असे नाही; काही वेळा तो अपायकारकही ठरतो.

गंजण्याची क्रिया : गंजणे ही विद्युत् रासायनिक विक्रिया आहे. ओल्या पोलादाच्या पृष्ठावर काही ठिकाणी लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन गमावून पाण्यात उतरतात (धनाग्र), तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणी पाणी व ऑक्सिजन ते इलेक्ट्रॉन स्वीकारतात (ऋणाग्र). पाण्यात मीठ विरघळलेले असल्यास त्याची विद्युत् संवाहकता वाढून विक्रिया जलद होते. पोलादावर चिखलाचा थर असेल, तर त्याखाली ऑक्सिजन कमी पोहोचतो व नेमका तोच भाग धनाग्र बनून झिजतो. म्हणजे उघडा, पावसाने धुतला जाणारा व लवकर वाळणारा भाग त्यामानाने सुरक्षित राहतो, तर झाकलेला व ओलसर भाग आतून पोखरला जातो. गंजाचे घनफळ मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्याने रिव्हेटांनी जोडलेल्या दोन पट्ट्यांमध्ये गंज साठल्यास पट्ट्या फुगून वाकतात.

उत्तर अमेरिका व उत्तर यूरोप येथे हिवाळ्यात रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकतात. काही ठिकाणी त्याऐवजी कॅल्शियम वा मॅग्नेशियम क्लोराइडाचा विद्राव फवारतात. ही लवणे हवेतील आर्द्रता शोषून घेत असल्याने तळभाग दीर्घकाळ ओलसर राहतो. भारतात रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रघात सामान्यतः नाही. परंतु कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरील खारी हवा, पावसाळ्यातील चिखल आणि मासळीच्या गाड्यांतून ठिबकणारे खारट पाणी यांमुळे तोच परिणाम घडून येतो.

परिणाम : गंजामुळे गाडी विद्रूप होते, ही त्यातील गौण बाब होय. पाट्याचा आधार तुटल्यास आस जागेवरून सरकतो आणि ब्रेकची नळी फुटल्यास ब्रेकची क्षमता अचानक घटते. अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ मध्ये ब्रेकच्या नळ्या गंजण्याच्या तक्रारींची चौकशी पूर्ण केल्यावर, २००७ व त्यापूर्वीच्या सालांच्या गाड्यांचा तळ नियमितपणे धुवावा आणि नळ्यांची तपासणी करून घ्यावी, अशी सूचना वाहनधारकांना दिली होती.

तपासणी व सफाई : गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम घोड्यांवर उभी करून तळ पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात. सांगाड्याच्या तुळयांची आतील बाजू, आडव्या तुळयांचे सांधे व पाण्याचा निचरा होण्यासाठी ठेवलेली छिद्रे यांकडे विशेष लक्ष द्यावे लागते. छिद्रे बुजली असल्यास ती मोकळी करणे हाच सर्वांत स्वस्त व परिणामकारक उपाय ठरतो. गाडी पूर्ण वाळल्यावर संशयित जागी हातोडीने हलके ठोकून पाहतात. निकोप पोलाद खणखणीत वाजते. पोखरलेल्या जागी बद्द आवाज येतो व पापुद्रे गळतात. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशाने वा खरवडणीने काढून टाकतात. या वेळी डोळ्यांवर चष्मा असणे आवश्यक आहे.

लेपांचे प्रकार : घट्ट चिकटलेल्या पातळ गंजावर फॉस्फोरिक किंवा टॅनिक अम्लयुक्त द्राव लावल्यास त्याचे लोखंडाच्या स्थिर संयुगात रूपांतर होते, सुट्या पापुद्र्यांवर या द्रावाचा उपयोग होत नाही. जस्तयुक्त प्राथमिक लेपाचा पोलादाशी प्रत्यक्ष संपर्क यावा लागत असल्याने तो पूर्ण साफ केलेल्या धातूवरच देतात. त्यावर एपॉक्सी रंग टिकाऊ ठरतो. डांबरयुक्त वा रबरयुक्त जाड काळा लेप खड्यांच्या माऱ्यापासून चांगले संरक्षण देतो. मात्र तो गंजावरच चढविला किंवा कालांतराने तडकला, तर आत शिरलेले पाणी अडून राहते आणि वरून गाडी निकोप दिसत असता आतून झिजत जाते. म्हणून जुन्या गाडीस मेण, लॅनोलिन (लोकरीतील स्निग्ध पदार्थ) किंवा न सुकणारे तेल यांचा पातळ लेप अधिक सोयीचा असतो. तो फटींत झिरपतो व पाणी हटवितो, आणि त्याखालील धातूची तपासणी करता येते. मात्र धुण्याने तो निघून जात असल्याने साधारणतः दरवर्षी, किनारी भागात पावसाळ्यापूर्वी, पुन्हा द्यावा लागतो. ब्रेकचे घर्षण पृष्ठ व धुराडे यांवर कोणताही लेप लागता कामा नये.

काही ठिकाणी जळके ऑइल फवारण्याचा प्रघात आहे. त्यात अम्लीय द्रव्ये असतात, रबरी भाग त्यामुळे फुगतात व ठिबकणारे तेल जमीन आणि पाणी दूषित करते. त्यामुळे तो टाळणे इष्ट होय.

हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळावरील तांब्याच्या पत्र्यास जस्ताचे वा लोखंडाचे तुकडे जोडून पत्र्याची झीज थांबवून दाखविली. जहाजाचा तळ सतत समुद्रात बुडालेला असल्याने तेथे विद्युत् मंडल पूर्ण होते. रस्त्यावरील गाडीवर पाण्याचा थर पातळ व तुटक असतो. म्हणून एखाद्या ठिकाणी बसविलेला जस्ताचा ठोकळा सबंध सांगाड्याचे रक्षण करू शकत नाही.

मर्यादा : लेपामुळे उरलेले पोलाद टिकते, झिजून गेलेली जाडी परत मिळत नाही. भोके पडलेली नळी बदलावी लागते. तिच्या जागी न गंजणारी तांबे-निकेल मिश्रधातूची नळी बसविता येते. सांगाड्याची तुळई खोलवर झिजली असल्यास तिच्यावर रंग देणे म्हणजे दोष झाकणे होय. अशा वेळी तज्ञाकडून दुरुस्ती करून घेणे किंवा गाडी वापरातून काढणे हाच सुरक्षित मार्ग असतो.