दगडावरचा बाण

महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी घाटात रस्त्यासाठी फोडलेल्या कड्याला ड्रिल लागले, की आधी राखाडी चिखल वाहू लागतो. पेट्रोलवर चालणाऱ्या या ड्रिलला हिऱ्याचे कण बसवलेली पोकळ नळी असते. एक जण ती रेटतो, दुसरा टाकीतून सतत पाणी सोडत राहतो, कारण नळी तापली तर तिची धार जाते. बोटभर-दोन बोटे आत गेल्यावर आवाज जरा जड होतो. ताजा, न कुजलेला काळा पाषाण लागला हे त्यावरून कळते. नळी मागे घेतली, की भोकात अडीच सेंटीमीटर जाडीची दगडी कांडी दिसते. तिचे बूड अजून डोंगरालाच जोडलेले असते, आणि ती मोडायची घाई कोणीच करत नाही.

मला या कामातली हीच पाच मिनिटे सर्वांत मोलाची वाटतात. कांडीवर चीर असलेली पितळी नळी सरकवतात. नळीच्या माथ्यावर सपाट तबकडी आणि कोनमापक. तबकडी पातळीत आणायची, कांडी किती अंशांनी कललेली आहे आणि कोणत्या दिशेला आहे ते वहीत लिहायचे, मग चिरेतून तार ओढून कांडीच्या अंगावर रेघ उमटवायची. त्यानंतरच कांडी मोडतात, रेघेला बाणाचे टोक काढतात, क्रमांक घालतात. हा बाण चुकला तर पुढे प्रयोगशाळेत कितीही काटेकोर मोजमाप केले तरी व्यर्थ.

दिशा ठरवायला एकट्या होकायंत्रावर भिस्त ठेवत नाहीत. या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्येच चुंबकत्व असल्याने कड्याजवळ सुई ढळू शकते. म्हणून सूर्याची मदत घेतात: तबकडीवरच्या काडीची सावली कुठे पडली ते पाहायचे, घड्याळातली वेळ नोंदवायची, आणि तारीख व अक्षांश-रेखांशावरून खरी उत्तर काढायची. त्यामुळे पावसाळ्यात हे काम नाहीच. हिवाळ्यातही सकाळचे धुके विरेपर्यंत सगळे आकाशाकडे बघत बसतात. डोंगरमाथ्यावरचे उघडे खडकही टाळतात. तिथे कधी वीज पडली असेल तर तिच्या प्रवाहाने दगडाचे मूळ चुंबकत्व पुसून नवेच भरलेले असते.

मूळ चुंबकत्व आले ते लाव्हा निवताना. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी सह्याद्रीचे हे थर एकावर एक साचले. लाव्हात मॅग्नेटाइटच्या जातीचे बारीक दाणे असतात. शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या खाली उतरले, की त्या क्षणीच्या पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा त्यात पक्की होते. टायटॅनियम मिसळलेल्या दाण्यांत ते याहून कमी तापमानाला घडते.

प्रयोगशाळेत कांड्यांचे लहान तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा चुंबकमापकात फिरवतात. नवी पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत हा अभ्यास चालतो. पहिले मोजमाप क्वचितच उपयोगाचे, कारण त्यात आजच्या क्षेत्राची सरमिसळ असते. म्हणून तुकडा शंभर अंशांपर्यंत तापवायचा, बाहेरचे क्षेत्र पोहोचणार नाही अशा कक्षात निववायचा, पुन्हा मोजायचा. मग दीडशे, दोनशे, असे वर चढत जायचे. कांद्याचे पापुद्रे निघावेत तशी नंतरची पुटे जातात आणि शेवटी एकच दिशा टिकून राहते.

आंबेनळीच्या बहुतेक थरांत ती दक्षिण-आग्नेयेकडे आणि सुमारे ४७ अंश खाली झुकलेली निघते. आज भारतात चुंबकसुई उत्तरेकडे पाहत खाली झुकते. क्षेत्र नुसते उलटे असते तर सुईने दक्षिणेकडे पाहत वर तोंड केले असते. दक्षिण आणि खाली हा मेळ एकाच प्रकारे बसतो: क्षेत्र उलटे होते आणि ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. झुकावावरून अक्षांशही निघतो, ४७ अंशांना साधारण २८ अंश दक्षिण. महाबळेश्वर आज १८ अंश उत्तरेला आहे, म्हणजे हा सगळा डोंगर पाच हजार किलोमीटर सरकत आला. रेखांश मात्र या पद्धतीने कळत नाही.

जॉन क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टची मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा खंड सरकतात हे बहुसंख्य भूवैज्ञानिक मानत नव्हते. वादाच्या त्या दिवसांत इथल्या काळ्या दगडाने साक्ष दिली, याचा मला फार अभिमान वाटतो.

अलीकडे याच कांड्यांना वेगळा प्रश्न विचारला जातो: लाव्हा किती भराभर आला? चुंबकक्षेत्राची दिशा शतकागणिक थोडी ढळते. लागोपाठच्या थरांत ती तंतोतंत एकच असेल तर ते थर फार तर काही दशकांत किंवा शतकांत साचले. आन-लीज शने आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये महाबळेश्वरच्या १२०० मीटर उंचीच्या उतारावर हाच कस लावला. संथ, अखंड वाहणे नव्हे, तर मोठे, झपाट्याचे उद्रेक आणि मध्ये विसावा, असे चित्र पुढे आले. डायनासोर संपले त्या काळाशी हे उद्रेक भिडतात, म्हणून त्यांच्या वेगाला महत्त्व आहे; वायू थोडे थोडे सुटले की एकदम, यावर हवामानाचे नुकसान ठरते.

असा विसावा कड्यावर डोळ्यांनाही दिसतो. दोन काळ्या थरांमध्ये मधूनच विटकरी मातीचा पट्टा असतो. खालचा लाव्हा उघड्यावर झिजून माती होण्याइतका वेळ तिथे गेला. म्हणून पट्टा दिसला, की त्याच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही थरांतून आठ-दहा कांड्या घेतल्याशिवाय माणसे पुढच्या वळणाकडे जात नाहीत.