हॅल एचएफ-२४ मारुत

हॅल एचएफ-२४ मारुत हे भारतात रचना आणि उत्पादन झालेले पहिले जेट लढाऊ विमान होय. बंगळूर येथील हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेड (१९६४ पासून हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, संक्षेपाने हॅल) या सरकारी कंपनीने ते तयार केले. नावातील 'एचएफ' ही अक्षरे 'हिंदुस्तान फायटर' या शब्दांची आहेत, तर 'मारुत' म्हणजे वारा. दोन आसनांच्या प्रशिक्षण आवृत्तीसह एकूण १४७ विमाने बांधली गेली. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी आखलेले हे विमान योग्य इंजिनाअभावी तो वेग कधीच गाठू शकले नाही. तरीही १९७१ च्या भारत-पाकिस्तान युद्धात जमिनीवरील लक्ष्यांवर हल्ला करणारे विमान म्हणून त्याची कामगिरी चांगली ठरली.

रचना व विकास

१९५० च्या दशकाच्या मध्यात भारतीय हवाई दलाने नव्या लढाऊ विमानाची जी अपेक्षा मांडली, ती त्या काळाच्या मानाने मोठी होती: मॅक २ वेग, ६०,००० फूट उंची आणि सुमारे ८०० किलोमीटरची युद्धत्रिज्या. त्यापूर्वी हॅलने संपूर्णपणे स्वतः आखून उत्पादनात आणलेले विमान म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले एचटी-२ हे पंख्यावर चालणारे प्रशिक्षण विमान. एवढ्या अनुभवावर ही झेप घेणे अवघड असल्याने जर्मन अभियंता कुर्ट टँक यांना पाचारण करण्यात आले. दुसऱ्या महायुद्धातील फॉकवुल्फ एफडब्ल्यू १९० हे प्रसिद्ध विमान टँक यांनी आखले होते आणि युद्धानंतर काही वर्षे ते अर्जेंटिनात काम करीत होते. १९५६ मध्ये ते आपल्या जर्मन सहकाऱ्यांसह बंगळूरला आले आणि भारतीय अभियंत्यांबरोबर काम सुरू झाले.

प्रथम विमानाच्याच आकाराचे, इंजिन नसलेले पूर्णाकृती लाकडी ग्लायडर बांधण्यात आले. दुसऱ्या विमानाने ओढून उंचावर नेऊन सोडल्यानंतर त्याची उड्डाणातील वागणूक तपासली जाई. १९५९ ते १९६० या काळात त्याची अनेक उड्डाणे झाली. इंजिनासह पहिल्या नमुन्याने १७ जून १९६१ रोजी उड्डाण केले. वैमानिक होते विंग कमांडर सुरंजन दास. त्याच महिन्यात संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यासमोर त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

इंजिनाचा प्रश्न

मारुतची आखणी ब्रिटनच्या ब्रिस्टल सिडली कंपनीच्या ऑर्फियस १२ या आफ्टरबर्नरयुक्त इंजिनाभोवती झाली होती. त्याचा रेटा सुमारे ३,७०० किलोग्रॅम अपेक्षित होता. परंतु युरोपात या इंजिनाला मागणी उरली नाही आणि त्याच्या पुढील विकासाचा खर्च उचलण्यास भारत सरकारने नकार दिला. परिणामी नॅट विमानासाठी आधीच वापरात असलेल्या ऑर्फियसचाच ७०३ हा प्रकार मारुतमध्ये बसविण्यात आला. त्याचा रेटा प्रत्येकी जेमतेम २,२०० किलोग्रॅम होता. तात्पुरती म्हणून केलेली ही सोय शेवटपर्यंत कायम राहिली.

पर्यायांचा शोध अनेक वर्षे चालला. सोव्हिएत आरडी-९एफ इंजिनाचा विचार झाला, पण ते पसंतीस उतरले नाही. इजिप्त त्या वेळी ऑस्ट्रियन अभियंता फर्डिनांड ब्रांडनर यांच्या देखरेखीखाली ई-३०० हे इंजिन विकसित करीत होता. त्याच्या चाचणीसाठी एक मारुत इजिप्तला पाठविण्यात आले आणि १९६७ मध्ये या इंजिनासह त्याचे उड्डाणही झाले, मात्र इजिप्तचा तो कार्यक्रमच १९६९ मध्ये बंद पडला. ऑर्फियस ७०३ लाच आफ्टरबर्नर जोडण्याचा प्रयत्न बंगळूरमध्ये झाला. अशाच एका विमानाच्या उड्डाणावेळी १० जानेवारी १९७० रोजी झालेल्या अपघातात ग्रुप कॅप्टन सुरंजन दास यांचा मृत्यू झाला. बंगळूरमधील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्यात आले आहे.

याच सुमारास हवाई दलाची स्वनातीत विमानाची गरज दुसऱ्या मार्गाने भागली. १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला आणि त्यांच्या निर्मितीसाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना उभा राहिला. त्यानंतर मारुतच्या इंजिनासाठी मोठी रक्कम खर्च करण्याची निकड सरकारला वाटली नाही, असे दिसते.

क्षमता

मारुतची लांबी १५.८७ मीटर, पंखांचा विस्तार ९ मीटर आणि उड्डाणावेळचे कमाल वजन सुमारे १०,९०० किलोग्रॅम होते. मागे झुकलेले पातळ पंख आणि मध्यभागी निमुळता होणारा सांगाडा यांमुळे हवेचा विरोध कमी होई. त्यामुळे कमी शक्तीच्या इंजिनांवरही विमान ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचत असे. समुद्रसपाटीजवळ त्याचा वेग ताशी सुमारे १,१०० किलोमीटर होता. जमिनीलगत वेगाने उडताना ते स्थिर राही आणि नेम धरण्यास सोपे जाई, ही त्याची खरी जमेची बाजू होती.

नाकात ३० मिमीच्या चार एडन तोफा होत्या. चारही एकदम डागल्यास बसणाऱ्या हादऱ्यांमुळे अडचणी येत. पोटात मागे घेता येणारी ६८ मिमीच्या ५० रॉकेटांची पेटी आणि पंखांखाली बाँब किंवा इंधनाच्या टाक्यांसाठी चार जागा होत्या.

सेवा

पहिली दोन विमाने १९६४ मध्ये हवाई दलाकडे सोपविण्यात आली. एप्रिल १९६७ मध्ये १० क्रमांकाची स्क्वॉड्रन मारुतवर सज्ज झाली. पुढे २२० आणि ३१ क्रमांकाच्या स्क्वॉड्रननाही ही विमाने मिळाली.

१९७१ च्या युद्धात मारुत जोधपूर आणि उत्तरलाई या तळांवरून उडत होते. लोंगेवालाच्या लढाईशी त्याचे नाव अनेकदा जोडले जाते. मात्र तेथील रणगाड्यांचा विध्वंस प्रामुख्याने जैसलमेरच्या हंटर विमानांनी केला. मारुतचा मुख्य भार दक्षिणेला, बाडमेरसमोरील नया छोर भागात आगेकूच करणाऱ्या भूदलाला साहाय्य करणे आणि सिंधमधील रेल्वेमार्ग व लष्करी ठाण्यांवर हल्ले करणे हा होता. दोन आठवड्यांत ३०० हून अधिक उड्डाणे झाली. जमिनीवरील माऱ्यात काही विमाने गमावली, पण हवाई लढाईत एकही पडले नाही. उलट ७ डिसेंबर रोजी २२० स्क्वॉड्रनचे स्क्वॉड्रन लीडर के. के. बक्षी यांनी मारुतमधून एक पाकिस्तानी सेबर पाडल्याची नोंद आहे. गोळ्या लागून एक इंजिन बंद पडल्यावरही विमाने दुसऱ्या इंजिनावर तळावर परतली. एका इंजिनाच्या विमानाला हे शक्य झाले नसते.

१९८० च्या दशकात मारुत टप्प्याटप्प्याने सेवेतून काढण्यात आले आणि १९९० पर्यंत त्याची उड्डाणे थांबली. जतन केलेली विमाने बंगळूरच्या हॅल संग्रहालयात आणि विश्वेश्वरय्या संग्रहालयात, मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात, तसेच टँक यांच्या मायदेशी म्युनिकजवळील श्लाइसहाइम येथे डॉइचेस म्युझियमच्या विमान विभागात पाहता येतात.