पुढे एक दात कमी, की मागे तीन जास्त?

तुमच्या सायकलकडे एकदा नीट पाहा. पायडलजवळचे दातेरी चक्र मोठे आणि मागच्या चाकाचे लहान असते. आता मोटरसायकल पाहा. तिथे नेमके उलटे! पुढचे चक्र लहान, मागचे मोठे. असे का बरे?

आपले पाय मिनिटाला साठ-सत्तर फेरेच मारतात. म्हणून सायकलमध्ये फेरे वाढवावे लागतात. मोटरसायकलचे इंजिन मात्र मिनिटाला हजारो फेरे घेते. तिथे फेरे कमी करून चाक फिरवण्याचा जोर वाढवायचा असतो. हे काम आधी गिअर करतात आणि शेवटी ही दोन चक्रे. त्यांना जोडणारी रोलरची चेन हान्स रेनॉल्ड यांनी 1880 मध्ये मँचेस्टर येथे तयार केली.

समजा, पुढच्या चक्राला 14 दात आहेत आणि मागच्याला 42. 42 भागिले 14 म्हणजे 3. पुढचे चक्र तीनदा फिरते तेव्हा चाक एकदा फिरते. डांबरी रस्त्यावर हे ठीक चालते.

पण मालवण तालुक्यातील तोंडवलीला चला. अरबी समुद्र आणि गड नदीची खाडी यांच्यामधली ही वाळूची चिंचोळी पट्टी. माडांखालच्या मऊ वाळूत चाक रुतते. स्वतःच केलेल्या खळग्यातून त्याला सतत वर चढावे लागते. वेग कमी, विरोध मोठा! इंजिनाचे फेरे फार उतरले, तर ते बंद पडते. ते टाळण्यासाठी क्लच अर्धवट दाबून धरला, तर त्याच्या तबकड्या घासून तापतात.

मग पुढचे चक्र 13 दातांचे घ्या. 42 भागिले 13 म्हणजे 3.23. जोर सुमारे 8 टक्के वाढला. मागे 45 दात केले, तरी जवळजवळ तेवढाच लाभ होतो. म्हणजे पुढचा एक दात मागच्या तिनांच्या बरोबरीचा! पुढचे चक्र स्वस्त पडते. मात्र ते फार लहान केले, तर चेन अधिक वाकते आणि लवकर झिजते. मागचे फार मोठे केले, तर चेन लांब लागते.

हा लाभ फुकट मिळत नाही. इंजिनाची शक्ती तेवढीच राहते. पूर्वी इंजिनाच्या ज्या फेऱ्यांना ताशी 60 किलोमीटर वेग मिळे, त्याच फेऱ्यांना आता सुमारे 56 मिळतो.

मग दात बदलत बदलत जोर हवा तेवढा वाढवावा का? नाही. वाळूची पकड मर्यादित असते. जोर तिच्यापलीकडे गेला, की चाक जागीच फिरते आणि स्वतःचा खड्डा खणते. म्हणून जाणकार एकेका दाताने बदल करून पाहतात.

आणखी एक गोष्ट. वाळूची वाट वेगळी, समुद्राची पुळण वेगळी. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे वाळूत अंडी घालतात. तिथे गाडी नेऊच नये.

आता एक गणित सोडवा. एका जोडीत पुढे 14 दात व मागे 48. दुसरीत पुढे 12 व मागे 42. चढावर कोणती जोडी अधिक जोर देईल?