उठून चालला, तरी

गच्चीच्या कठड्यावरून खाली पडलेला मोती आपणहून उठला, अंग झटकलं आणि शेपूट हलवत माझ्याकडे आला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "देव पावला, काही लागलं नाही." मात्र त्याचा श्वास नेहमीपेक्षा भरभर चालला होता. मी लगेच फोन लावला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालतोय तरी चालवू नका. फळीवर झोपवून आणा. आणि घरातली दुखण्याची गोळी मुळीच देऊ नका." माणसाला चालणारी आयबुप्रोफेन कुत्र्याचं पोट आणि मूत्रपिंड बिघडवते, हे बऱ्याच घरांत ठाऊकच नसतं.

दवाखान्यात बाईंनी सुरुवातीला त्याला हात लावला नाही. छाती कशी वरखाली होते, हे नुसतं पाहत राहिल्या. मग बँडेजची पट्टी तोंडाला सैलसर बांधली. दुखऱ्या जागी हात लागला की गरीब कुत्रंही चावतं.

वरचा ओठ उचलून त्यांनी हिरडीवर बोट दाबलं. दाबलेली जागा पांढरी झाली. बोट काढल्यावर 2 सेकंदांच्या आत ती पुन्हा गुलाबी व्हायला हवी. मोतीची झाली, पण रेंगाळत. बाईंनी पुन्हा दाबलं, पुन्हा मोजलं. मग एका हाताने छातीवर स्टेथोस्कोप, दुसऱ्या हाताची बोटं मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला. हृदयाचा प्रत्येक ठोका मांडीपर्यंत पोचतो का, ते त्या तपासत होत्या. त्या दोन मिनिटांत खोलीत कुणी बोललं नाही.

पाय, पाठीचे मणके, जबडा, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं ठीक निघालं. मोडलेलं हाड निदान लंगडण्यातून कळतं. पोटातला रक्तस्राव वरून दिसत नाही. म्हणून सोनोग्राफी. पोटावर चार ठरलेल्या जागी त्या यंत्र टेकवत गेल्या: छातीच्या हाडामागे, दोन्ही कुशींत आणि मूत्राशयापाशी. मूत्राशयाजवळ पडद्यावर काळी, टोकदार रेघ दिसली. जिथे काही नसावं तिथे पातळ द्रव साचला होता. सुईने थोडा काढला, तर रक्त.

रक्ततपासणीत लाल पेशींचं प्रमाण मात्र अगदी व्यवस्थित आलं. मला हायसं वाटलं, बाईंना नाही. कुत्र्याची प्लीहा अशा वेळी आकसते आणि साठवलेल्या पेशी रक्तात सोडते, त्यामुळे पहिला आकडा फसवतो. खरं काय ते काही तासांनी पुन्हा रक्त काढल्यावर कळतं. मला वाटतं, पडलेल्या कुत्र्याला एकदाच तपासून घरी नेणं हीच सगळ्यात मोठी चूक.

त्याला रात्रभर सलाईनवर ठेवलं. दर काही तासांनी तीच काळी रेघ पाहिली. ती वाढली नाही. दुसरा आकडा थोडा उतरला, तिसरा तिथेच थांबला. शस्त्रक्रिया टळली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी सोडताना बाईंनी बजावलं, फुप्फुसाला बसलेला मार दिसायला एखादा दिवस जातो. झोपेत श्वास मिनिटाला 30च्या वर गेला, तर रात्र असली तरी फोन करा. लघवी झाली म्हणजे मूत्राशय शाबूत आहे असंही धरू नका. फाटलं तरी थोडी होऊ शकते.

त्या रात्री मी त्याच्याशेजारी घड्याळ घेऊन बसलो. अकरा वाजता 26. दीड वाजता 24. पहाटे त्याने कूस बदलली, उसासा टाकला आणि मी पुन्हा एकपासून मोजायला लागलो.